उदक, मोदक आणि गोडदेव

भाईंदर पूर्वेला गोडदेव नावाचे गाव आहे. आता ते गाव म्हणून वेगळे ओळखू येत नाही. एक नाका, एक रस्ता आणि टपालाच्या पत्त्यातील एक शब्द एवढेच त्याचे अस्तित्व बहुतेकांना ठाऊक असते. १९८५ साली मिरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली, आणि मधल्या काळात मुंबईत घर न परवडणारी माणसे विरार लोकलने येऊन येथे स्थिरावली. या वस्तीतील चार मित्र नव्वदच्या दशकात नाक्यावरच्या एका चहाच्या दुकानात संध्याकाळी जमत. त्यांच्यातील एक मराठीचे प्राध्यापक, दुसरे शाळेत गणित शिकवणारे मास्तर, तिसरे स्टीलच्या भांड्यांचे गुजराती व्यापारी, ज्यांना सारे शेठ म्हणत, आणि चौथे टपाल खात्यात कारकून असलेले, मूळचे गोडदेवचेच, आगरी कुटुंबातील भाऊ. या चौघांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे कोटी करण्याची खोड.

गावाच्या नावापासूनच या खोडीला खाद्य मिळे. चहूकडे खाडी, खाजण आणि मिठागरे, आणि मध्ये देव मात्र गोड. त्यातही मराठीत पिण्याच्या पाण्याला 'गोडे पाणी' म्हणतात, त्यामुळे नळाला पाणी आले नाही की 'देव आज खारट आहे' असा निरोप फिरे. रोमन लिपीतील पाटी वाचून शेठ म्हणत, या गावात आधी 'गॉड' आणि मग 'देव'. इतकी भक्ती काशीतही नसेल. शेठनी आणखी एक गंमत दाखवून दिली होती. गुजरातीत 'मीठुं' म्हणजे मीठ आणि 'मीठुं' म्हणजेच गोड. मराठी 'मीठ'देखील संस्कृत 'मिष्ट'वरून आले, असे व्युत्पत्तिकार सांगतात. म्हणजे मिठागरात गोडदेव असणे यात विरोधाभास नाहीच. भाषेच्या पोटात दोन्ही चवी एकच होत्या. हे प्राध्यापकांनी सांगितले तेव्हा चौघांनाही, एखादा जुना हिशेब जुळावा तसा, आनंद झाला होता.

कोटीविषयी मराठी समीक्षेची भूमिका सदैव दुटप्पी राहिली आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे'मध्ये बंडूनाना, पांडूतात्या आणि सुदामा या मित्रत्रयीच्या रूपाने विनोदाला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी कोटीला नाटकात मुक्तद्वार दिले, पु. ल. देशपांडे यांना तर लोकांनी कौतुकाने 'कोट्याधीश'च म्हटले. तरीही 'शाब्दिक कोटी' हे विशेषण समीक्षेत बहुधा निंदेसाठीच वापरले जाते. 'शाब्दिक' म्हणजे उथळ, असे येथे गृहीत धरलेले असते. वास्तविक 'कोटिक्रम' या शब्दात कोटीचा संबंध युक्तिवादाशी आहे. पण तो अर्थ आता वादविवादापुरता उरला.

मास्तरांची एक आवडती कोटी होती: 'शून्याने भागत नाही.' गणिताचा हा नियम ते महिनाअखेरीस खिशात हात घालून सांगत. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त शब्दश्लेष आणि अर्थश्लेष वेगळे करण्यासाठी जी कसोटी दिली आहे, ती या वाक्याला अगदी चपखल लागू पडते. शब्द बदलून पर्याय ठेवला आणि अलंकार टिकला, तर तो अर्थाचा. टिकला नाही, तर तो शब्दाचा. 'भागत नाही'च्या जागी 'पुरत नाही' म्हटले की गणित जाते, 'विभागता येत नाही' म्हटले की पगार जातो. सुमारे सहाशे वर्षांनी, १७११ साली, जोसेफ ॲडिसनने 'स्पेक्टेटर'मध्ये जवळजवळ हीच कसोटी सांगितली: उक्तीचे दुसऱ्या भाषेत भाषांतर करावे, ती नाहीशी झाली तर ती केवळ कोटी होती. फरक इतकाच, की मम्मट या कसोटीने अलंकाराची जात ठरवतो आणि ॲडिसन त्याला जातिबहिष्कृत करतो. समीक्षेतील मराठी नाक मुरडणे हे मम्मटापेक्षा ॲडिसनच्या घराण्यातले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

प्राध्यापकांचा हुकमी एक्का मात्र संस्कृत होता. समासांच्या सहा नावांवर रचलेले एक सुभाषित वैयाकरणांच्या जगात प्रसिद्ध आहे. त्यातील दरिद्री माणूस म्हणतो की आपण दोघे आहोत, दोन गाई आहेत, आणि घरात कायमचा 'अव्ययीभाव', म्हणजे खर्चायलाच काही नाही. तेव्हा हे सत्पुरुषा, असे काही कर्म कर की आपण 'बहुव्रीही', पुष्कळ भात असलेले, होऊ. व्याकरणाची सारी परिभाषा येथे पोटाच्या भाषेत उलगडते. प्राध्यापक हे सुभाषित वर्षातून तीनचार वेळा म्हणत आणि चौघेही दरवेळी हसत.

१९९७ सालच्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी ते असेच म्हटले गेले आणि हसणे झाले. भाऊंची शाळकरी मुलगी वडिलांना जेवायला बोलवायला आली होती. ती छत्री मिटत सहज म्हणाली, 'बाबा, कशाला हसलात?' भाऊ काही क्षण थांबले आणि म्हणाले, 'सर हसले ना, म्हणून.'

यात कुणाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. मुलीचा नव्हता, तसाच भाऊंचाही नव्हता. पण प्राध्यापकांना त्या उत्तराने जो धक्का बसला, तो साधा नव्हता. किती वर्षे हा माणूस न समजता हसत होता? त्यांनी घाईघाईने समास समजावून सांगायला सुरुवात केली. तत्पुरुषापर्यंत येईतो चहा निवून गेला. भाऊ मान डोलावत होते, आणि ते मान डोलावणेही आता प्राध्यापकांना त्या हसण्यासारखेच वाटू लागले.

फ्रॉइडने १९०५ सालच्या विनोदविषयक ग्रंथात बोचऱ्या विनोदाला तीन माणसे लागतात असे सांगितले: सांगणारा, ज्याच्यावर विनोद होतो तो, आणि ऐकून हसणारा. हा तिसरा माणूस हसला की विनोद पूर्ण होतो. परंतु तिसरा समजल्यावाचून हसला तर काय, हा प्रश्न त्या मांडणीत नीट बसत नाही. कदाचित अशा वेळी तिसरा माणूस नकळत दुसरा होतो, आणि बाण कुणी सोडला हे सोडणाऱ्यालाही कळत नाही.

त्या रात्री प्राध्यापकांना सातवाहनाची कथा आठवली असावी. पुढे अनेकदा त्यांनी ती वर्गात सांगितली. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त ती आहे. प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असतो. पाण्याच्या माऱ्याने दमलेली राणी म्हणते, पाण्याने मारू नका; पण 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी होऊन कानी पडते ते 'मोदकैः'. राजा तत्काळ मोदक मागवतो. राणी हसते आणि म्हणते, पाण्यात मोदकांचे काय काम. तुम्हांला संधी कळत नाही आणि प्रकरणही कळत नाही. परिवार हसतो. राजा लाजेने खचून अंथरूण धरतो. मग राजाला व्याकरण किती काळात शिकवायचे यावर पैज लागते. गुणाढ्य सहा वर्षे मागतो, शर्ववर्मा सहा महिने. शर्ववर्मा जिंकतो आणि त्याचे 'कातंत्र' व्याकरण जन्मते. हरलेला गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडतो आणि पैशाचीत 'बृहत्कथा' रचतो.

या कथेचा उल्लेख बहुधा व्याकरणाच्या इतिहासात होतो. तिच्यातील हसणाऱ्या परिवाराकडे फारसे कुणी पाहत नाही. त्या परिवारातील किती जणांना संधी सुटला होता? राणी हसली म्हणून हसणारे त्यात असणारच. आणि राणीच्या बोलण्यात एक गोष्ट अधिक खोल आहे. संधी न कळणे ही शिक्षणाची उणीव; प्रकरण, म्हणजे प्रसंग, न कळणे ही लक्षाची उणीव. गोडदेवच्या नाक्यावर संधी भाऊंना कळत नव्हता. प्रकरण कुणाला कळत नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि स्वतःहून एक गोष्ट सांगू लागले. शाळेत असताना त्यांना फळ्यापाशी उभे करून वर्गमूळ काढायला सांगितले होते. आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो आणि 'ड'चा 'र'. कोळीवाड्याचा कोलीवारा होतो. भाऊ म्हणाले, 'वर्गमूल.' शिक्षक म्हणाले, 'वर्गातले मूल तूच ना? मग काढ स्वतःला बाहेर.' सारा वर्ग हसला. 'मी पण हसलो,' भाऊ म्हणाले. 'तेव्हा कळलं होतं मला, आणि तरी हसलो. तुमच्यात कळत नव्हतं, तरी हसलो. दोन्ही हसणी एकच नव्हेत, सर.' मास्तर, जे स्वतः आयुष्यभर वर्गमुळे शिकवत आले होते, बराच वेळ बशीकडे पाहत बसले.

या घटनेनंतर बैठक मोडली नाही. कोट्याही थांबल्या नाहीत. शेठ पूर्ववत म्हणत की भांड्याला भांडे दिवसभर दुकानात लागते, म्हणून घरी शांतता असते. प्राध्यापकांनी ते सुभाषित मात्र पुन्हा म्हटले नाही. हा संयम होता की अवघडलेपण, हे ठरवणे कठीण आहे; आणि खरे तर तोही एक प्रकारचा अन्याय होता, कारण एव्हाना ते भाऊंना समजले होते.

पुढच्या उन्हाळ्यात गावातील एक जुने मोठे घर इमारतीसाठी पाडले गेले. भाऊंचे लहानपण त्याच्या ओटीवर गेले होते. त्या दिवशी ते उशिरा आले, बसले आणि म्हणाले, 'वारा गेला, नि वारा पन गेला.'

मास्तरांना उकाड्याविषयी बोलत असावेत असे वाटले. प्राध्यापकांनी आधी पुनरुक्ती मानली, मग भावनेच्या भरात शब्द दोनदा उच्चारला असे मानले, आणि सहानुभूतीने मान डोलावली. शेठ तेवढे हसले. चाळीस वर्षे आगरी गिऱ्हाइकांना पातेली विकलेला तो माणूस होता. मग प्राध्यापकही हसले.

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, 'सर, तुम्ही कशाला हसलात?'

प्राध्यापक म्हणाले, 'शेठ हसले ना, म्हणून.'

मग भाऊंनी सांगितले. एक वारा म्हणजे वाडा. दुसरा खरा वारा, जो नव्या इमारतीने अडवला. प्राध्यापकांनी ते खिशातल्या टिपणवहीत उतरवून घेतले, शेजारी 'यमक' असे लिहिले, आणि थोड्या वेळाने तो शब्द खोडला. चहा आला. त्यात साखर नव्हती, आणि त्यावर कुणीतरी देवाचे नाव घेतले.