मॅनीचं टार्गेट

१९९८ साली 'हाफ-लाइफ'चा असा गाजावाजा झाला की त्याच वर्षीचा 'ग्रिम फँडँगो' कित्येकांच्या नजरेतून सुटला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, विक्री मात्र बेताचीच.

हीरो मॅनी कालावेरा म्हणजे चक्क सांगाडा, मृतांच्या देशातला ट्रॅव्हल एजंट! पुण्यवंताला 'नंबर नाइन' गाडीचं तिकीट, चार मिनिटांत पल्याड. बाकीच्यांना चार वर्षांची पायपीट. मॅनीच्या वाट्याला सगळी भंगार गिऱ्हाइकं, मलई शेजारच्या डॉमिनोकडे. (ओळखीचं वाटतंय ना?) मग सरळमार्गी मेचेलाही तिकीट मिळत नाही, तेव्हा कुठे घोटाळ्याचा वास येतो.

जुने कंट्रोल्स वैताग होते, मान्य. २०१५च्या रीमास्टरमध्ये माउस चालतो. अप्रेझलच्या आठवड्यात मी हाच गेम लावतो. मॅनी निदान डेस्क सोडून मेचेला शोधायला निघतो. मी अजून नोटीस पिरियडचा क्लॉज वाचतोय.