सगळ्यात हळू माणूस पुढे

लीडरशिप या विषयावर ऑफिसात आतापर्यंत माझी तीन ट्रेनिंग झालीत. तिन्ही वेळा एसी हॉल, दुपारी पनीर आणि शेवटी कागदी कपांचा मनोरा. मजा येते, नाही म्हणत नाही. पण मनोरा पडला तर कोणाचं काही बिघडत नाही, हीच त्यातली गोची. जानेवारीत आम्ही तेराजण रांगण्याला गेलो, तिथे कपांच्या जागी माणसं होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रांगणा हा भुदरगड तालुक्यातला, सह्याद्रीच्या अगदी काठावरचा किल्ला. पलीकडे थेट कोकण. शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बांधला असं मानतात. गारगोटीहून पाटगाव, मग भटवाडी, तिथून जंगलातून चिक्केवाडी आणि मग गड. मुक्काम गडावरच्या रांगणाईच्या देवळात करायचा, असा प्लॅन होता.

टीममधल्या एकाचे मामा गारगोटीचे, फौजेतून रिटायर झालेले. तेच आमचे लीडर. निघायच्या आधी त्यांनी घराच्या सोप्यात सगळ्यांच्या सॅक उलट्या केल्या! जीन्स बाहेर, ब्लूटूथ स्पीकर बाहेर. प्रत्येकाकडे टॉर्च, तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे. जड सामान पाठीला चिकटून, मध्यावर. ते खाली लोंबकळत राहिलं की चढावर सॅक मागे ओढते. शेवटी प्रत्येकाला एक ते तेरा नंबर. थांबलो की मोजणी.

चालायला लागलो तर मामा सगळ्यात शेवटी. मी विचारलं, लीडर मागे का?

"पुढं ऱ्हायलो तर नुसती वाट दिसतीया. मागनं माणसं दिसत्यात."

आता थोडं गणित, इंजिनिअर मंडळींना आवडतं म्हणून. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला. अंदाजे पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आमच्यातल्या एका टीम लीडने मोबाइलवर हाच हिशोब करून 'चिक्केवाडी दोन तासांत' असं जाहीर केलं. लागले साडेतीन. हा ठोकताळा न थांबता चालणाऱ्या तंदुरुस्त माणसाचा आहे, तेराजणांच्या घोळक्याचा नाही. (ऑफिसातली एस्टिमेट्स कुणाला धरून काढतात, हे सुज्ञांस सांगणे न लगे.)

चिक्केवाडीला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. गड पाऊण-एक तासावर, मध्ये जंगल आणि त्यात गव्यांचा वावर. मामा म्हणाले, "आज हितंच मुक्काम."

झालं! टीम लीड भडकला. इतक्या लांब येऊन अंगणात झोपायचं? टॉर्च आहेत की! चार-पाचजण त्याच्या बाजूने. तो म्हणाला, "वोटिंग घेऊ."

मामांनी शांतपणे त्याला बाजूला घेतलं. मी जवळच होतो म्हणून ऐकू आलं. "मत घ्यायला काय न्हाई ओ. पण जी दमलीया ती सगळ्यांच्या म्होरं 'नको' म्हणंल व्हय?"

तेव्हा आमचं लक्ष गेलं. टेस्टिंगमधली आमची एक कलीग, टीममध्ये येऊन चारच महिने झालेली. तासभर ती फक्त "हो", "ठीक आहे" एवढंच बोलत होती. सपाटीवर दोनदा अडखळली होती. तीन लिटरमधलं पाणी जवळजवळ तसंच होतं. विचारलं असतं तर नक्की म्हणाली असती, "चला, मी येते." आणि अंधारात, दगडांच्या वाटेवर पाय मुरगळला असता तर तिला उचलून आणणार कोण आणि कसं?

मामांनी तिचं नाव काढलंच नाही. "मला रात्री गव्यांच्या वाटंवर जायचं न्हाई," एवढंच सगळ्यांना सांगितलं. राग स्वतःवर घेतला. भाकरी-पिठलं होईपर्यंत टीम लीड फुगून बसला होता, पण मोजणीला त्याने आपला नंबर ओरडला. अमेरिकेत १९६५ साली सुरू झालेल्या नोल्स या संस्थेत रानात नेऊन नेतृत्व शिकवतात. नीट साथ देणं हीसुद्धा नेतृत्वाचीच एक भूमिका, असं तिथे मानतात. न पटलेला निर्णय पाळणं सोपं नसतं, तेवढे मार्क त्याला द्यायलाच हवेत.

पहाटे मामांनी रांग बदलली. तिला सगळ्यात पुढे ठेवलं आणि टीम लीडला तिच्या मागे. "ही चालंल तसं चालायचं." दहा मिनिटांत सगळ्यांचा श्वास एका लयीत आला. एकदाही रांग तुटली नाही. उजाडताना तेराच्या तेरा देवळापाशी, आणि खाली कोकणात ढग साचलेले.

मला त्या रात्रीतलं वोटिंगचं वाक्य सगळ्यात जास्त लागलं. आपण मीटिंगमध्ये "सगळ्यांना चालेल ना?" असं विचारतो आणि त्यालाच लोकशाही समजतो. पण ज्याला चालणार नसतं, त्याला तेव्हा बोलणं सगळ्यात महाग पडतं. म्हणून आता प्लॅनिंगला आम्ही सगळ्यात नव्या माणसाला आधी विचारतो, सीनियर शेवटी बोलतात. आकडे मोठे येतात, मॅनेजर कुरकुरतो. पण ते आकडे खरे असतात.