ठासणीचे माप

लातूरकडील आमच्या जुन्या घरात आजोबांची ठासणीची बंदूक खुंटीला टांगलेली असे. १९४८ साली रझाकारांच्या दहशतीत गावाची राखण तिच्यावरच होती. रिव्हॉल्व्हर आणि पितळी काडतुसे सामान्यांच्या हाती कुठून येणार? काडतुसातील दारूचे माप कारखान्यात ठरते. ठासणीत ते झाडणाऱ्यालाच ठरवावे लागते. सोरा, कोळसा आणि गंधक यांची दारू मोजून नळीत ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजाने दाबून बसवायचे. दारू कमी पडली तर बार फुसका जातो. अधिक झाली तर नळीच फुटते. आजोबांच्या एका सोबत्याची दोन बोटे अशीच गेली होती.

पुढे नांदेडला साहित्याचे अध्यापन करू लागल्यावर आम्ही पहिले परीक्षण लिहिले. ‘आशयाने ठासून भरलेली कविता’ हे त्यातील वाक्य आजोबांना मोठ्या अभिमानाने वाचून दाखविले. क्षणभर थांबून त्यांनी विचारले, “आणि नळी शाबूत आहे का रे, बाळा?”

आम्ही ती कविता पुन्हा वाचली. नळी फुटलेली होती. आम्ही केवळ आवाजालाच दाद दिली होती.