पाणी काढायचा दिवस

कोकणात मे महिना सरत आला की आगोटीची लगबग सुरू होते. कौलं शाकारायची, सरपण आत घ्यायचं, पापड-मसाले डब्यांत भरायचे. येणाऱ्या पाण्यासाठी घर तयार करायचं. इथे मिनेसोटात आमची आगोट ऑक्टोबरात येते आणि ती बरोब्बर उलटी असते. येणाऱ्या पाण्याची तयारी नाही, असलेलं पाणी घालवण्याची!

आमच्याकडे एक आरव्ही आहे. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. छोटासा ओटा, पलंग, जेमतेम वळता येईल एवढी न्हाणी. घर म्हटलं की नळ आले, आणि नळ आले की भिंतीच्या आतून, पलंगाखालून फिरणारे पाइप आले. राहत्या घराला हिवाळाभर हीटिंग असतं. आरव्ही मात्र ड्राइव्हवेवर ताडपत्री पांघरून एकटी उभी. जानेवारीत पारा उणे ३० सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो, तेव्हा आत पाणी राहिलेलं असेल तर वसंतात दुरुस्तीचं बिल ठरलेलं.

पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण गंमत पुढे आहे. पाइप बऱ्याचदा जिथे बर्फ धरतो तिथे फुटतच नाही. बर्फाचा बोळा एकीकडे, बंद नळ दुसरीकडे, आणि मधे अडकलेलं साधं पाणी. बर्फ वाढत जातो, त्या पाण्याला पळायला जागा उरत नाही, दाब चढत जातो आणि पाइप मधेच कुठेतरी फाटतो. इलिनॉय विद्यापीठातल्या मंडळींनी १९९० च्या दशकात प्रयोग करून हे दाखवलं होतं. म्हणून तर कडाक्याच्या थंडीत इथे घरातले नळ थोडे ठिबकत ठेवतात.

असो. तर आरव्हीचं पाणी काढणं म्हणजे काय ते सांगते. सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, त्या डम्प स्टेशनवर रिकाम्या करायच्या. आधी शौचालयाची, मग मोरीची, म्हणजे दुसरीच्या पाण्याने नळी धुऊन निघते. घरी आल्यावर गीझर बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायचा, गरम पाण्याचा नळ उघडून दाब घालवायचा आणि मगच त्याचं बूच काढायचं. आमच्या गीझरच्या बुचालाच एक मॅग्नेशियमची कांडी आहे. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. दर वर्षी ती पाहिली की मला घरोघरच्या आया आठवतात!

मग गोड्या पाण्याची टाकी सोडायची, तळातले दोन्ही ड्रेन उघडायचे, फिल्टर काढायचा, कॉम्प्रेसरने हवा मारायची (४० पीएसआयच्या वर नाही). शेवटी गुलाबी अँटीफ्रीझ. हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, पिण्याच्या पाण्याच्या पाइपांना चालणारं. गाडीच्या रेडिएटरमधलं बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते चवीला गोड आणि जीवघेणं विष. ते इथे चुकूनही नाही. ते गुलाबी पाणी गीझरमध्ये शिरू नये म्हणून पलंगाखालचे तीन व्हॉल्व्ह फिरवायचे, नाहीतर ६ गॅलन फुकट जातात. पंपाची नळी बाटलीत बुडवायची आणि एकेक नळ गुलाबी होईपर्यंत सोडायचा. आधी गरम, मग थंड. कमोड आणि बाहेरचा शॉवर विसरायचा नाही. शेवटी प्रत्येक मोरीत एकेक कप. दोन-तीन गॅलनात काम होतं.

इतकी वर्षं हे सगळं 'हे' करायचे आणि मी बाटल्या हातात द्यायची. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता पलंगाखाली वाकणं बंद. सप्टेंबरात मुलाचा फोन आला, "आई, यंदा ती कटकट नका करू. सरळ विकून टाका." मी "बघू" म्हटलं. त्याचे बाबाही "बघू" म्हणाले. पण दोघंही एकमेकांशी काही बोललो नाही. ही गाडी घेऊन आम्ही बॅडलँड्स पाहिलं, यलोस्टोनला गेलो, सुपीरियर सरोवराच्या काठी थर्मासातला चहा पीत बसलो. विषय काढला की तो संपेल, अशी बहुतेक दोघांनाही धास्ती.

शेवटी मी म्हटलं, "अहो, विकायची असली तरी पाणी तर काढावंच लागणार ना?" याला कुणाचं उत्तर नव्हतं.

यंदा पलंगाखाली मी शिरले. हे दाराशी खुर्ची टाकून सूचना देत होते. "मधला व्हॉल्व्ह उघड... नाही गं, आडवा नाही, उभा." ओट्याचा नळ सोडून मी गुलाबी रंगाची वाट पाहत उभी होते. पंपाची घरघर चालू होती. तेवढ्यात ते म्हणाले, "मला हल्ली रात्री ही गाडी चालवायची भीती वाटते."

मी म्हटलं, "मला शेजारी बसायची वाटते. दोन वर्षं झाली."

नळ केव्हाच गुलाबी झाला होता, पण बंद करायचं भान नव्हतं. पुढचा तासभर आम्ही बोललो. जे दोघांच्याही आत इतके दिवस अडकून होतं ते सगळं बाहेर आलं. यलोस्टोन आता नाही. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. इथून डुलूथ दीडशे मैल, त्याच्या थोडं पुढे गूसबेरी फॉल्स, तेवढं पुरे. आणि तेही जड जायला लागलं तर त्या वर्षी विकायची, मुलाने सांगायची वाट न बघता.

मुलाला फोन करून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "दिवसाउजेडी ना? मग ठीक आहे."

रिकामा गीझर विजेवर चालू झाला तर त्याची कॉइल जळते, म्हणून त्याच्या स्विचवर चिकटपट्टी लावून मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी नाही'. ह्यांनी खुर्चीतून वाचलं आणि म्हणाले, "खाली एप्रिलचंही लिहून ठेव. दर १५ गॅलनला पाव कप ब्लीच, सगळे नळ सोडायचे, रात्रभर ठेवायचं आणि वास जाईपर्यंत धुवायचं. मी विसरेन."

ते विसरणार नाहीत, हे मला माहीत आहे. तरी लिहिलं.