अप्पांचे बाड

आमच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, अखेरच्या वर्षांत हुलसूरच्या आठवणी लिहून काढल्या होत्या. शाळेत उर्दू, हिशेबाला मोडी, घरात मराठी आणि बाजारात कानडी अशा निजामी अमलात त्यांचे बालपण गेले. १९४८ ची पोलिस कारवाई त्यांनी पाहिली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी, उंबरा न ओलांडता, ते म्हैसूर राज्याचे रहिवासी झाले. ते बाड २००३ साली मी एका दुकानात संगणकावर टंकलिखित करून घेतले. छापील प्रत एका आप्ताने वाचायला म्हणून नेली, ती परतली नाही. तबकडी मात्र मी कपाटात जपून ठेवली.

काही वर्षांनी ती उघडली, तेव्हा पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची रांगोळी! त्या काळचे फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृत्या बसवीत. फाँट गेला की मजकूरही गेला. वास्तविक युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या जागा १९९१ सालीच दिल्या होत्या, पण आमच्या भागातील टंकलेखकांपर्यंत ती वार्ता फार उशिरा पोहोचली. पुण्याच्या पुतणीने अक्षरांचे कोष्टक मिळवून मजकूर पालटून दिला. तरी जोडाक्षरे आणि रफार ठायीठायी विस्कटलेले. ओल लागलेली मूळ वही शेजारी ठेवून आम्ही दोघांनी सहा महिने ते दुरुस्त केले.

आता हे ठेवायचे कशात, हा प्रश्न होता. पुतणी म्हणाली, "काका, गोफर बघता का? तुमच्या वयाच्या लोकांना आवडेल असं आहे." टोमणा मी गिळला.

गोफर हा अमेरिकेतील बिळे करणारा एक प्राणी. मिनेसोटा विद्यापीठाच्या खेळाडूंचे ते बिरुद, म्हणून १९९१ साली तेथे मार्क मॅकहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या पद्धतीलाही तेच नाव पडले. तिची रीत मला आमच्या जुन्या पटवाऱ्याची आठवण देऊन गेली. आपण खात्याचा नंबर सांगावा, त्याने दप्तर सोडावे, नक्कल हाती द्यावी आणि दप्तर बांधून टाकावे. पुढची विचारपूस नाही. गोफरचा वाचक-प्रोग्रॅम दूरच्या यंत्राचे सत्तर क्रमांकाचे दार ठोठावतो, एक ओळ पाठवतो. ते यंत्र यादी किंवा मजकूर देते आणि दार लावून घेते. यादीतल्या प्रत्येक ओळीच्या आरंभी एक खूण असते: शून्य म्हणजे मजकूर, एक म्हणजे आणखी एक यादी, सात म्हणजे शोध. सजावट नाही, जाहिरात नाही. अक्षर केवढे असावे, रंग कोणता, हे पाठवणारा ठरवीत नाही. वाचणारा आपल्या घरी ठरवतो. माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना हा केवढा दिलासा!

मग हे मागे का पडले? १९९३ च्या आरंभी विद्यापीठाने व्यापारी वापरावर शुल्क लावण्याचे जाहीर केले आणि लोक बिचकले. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्न या संस्थेने वेब सर्वांना मोफत खुले केले. चित्रांचे आकर्षण होतेच. विद्यापीठाने २००० साली आपला प्रोग्रॅम मुक्त केला खरा, पण तोवर बाजार उठला होता. २०११ मध्ये फायरफॉक्सनेही गोफर वाचणे सोडले. आज हौशी मंडळींनी ते टिकवून धरले आहे; लॅग्रांज नावाचा, फिनलंडच्या एका गृहस्थाने लिहिलेला मोफत प्रोग्रॅम मी संगणकावर घेतला.

आधी लिंक्स या जुन्या, अक्षरमात्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिले होते. तिथे वेलांट्या अक्षरांपासून सुटून भलतीकडे बसल्या आणि पोटात धस्स झाले. पुन्हा तेच का? पण या वेळी दोष केवळ दाखवणाऱ्या खिडकीचा होता, मजकूर शाबूत होता. मूळ नियम लिहिणाऱ्यांच्या मनात देवनागरी नसावी; तरी साधी मजकूर-फाइल पद्धत जशीच्या तशी पोहोचवते. लॅग्रांजमध्ये देवनागरी फाँट बसवला आणि 'हुलसूर' हा शब्द ऱ्हस्व-दीर्घासह उमटला. मी उठून देवापाशी दिवा लावला, हे पुतणीला सांगितले नाही.

यादी केली: शाळा, शेत, रझाकारांचे दिवस, सोयरीक, जत्रा. या पद्धतीत मजकूर गुप्त राहत नाही, वाटेत कोणीही वाचू शकतो. म्हणून भाऊबंदकीचे प्रकरण त्यात घातले नाही. ते वहीतच बरे. बाकीचे सध्या घरच्याच यंत्रावर आहे. ती साधी फाइल उद्या गोफर नसला तरी कोठेही उघडेल, आणि खरे सांगायचे तर माझा जीव त्या फाइलीत आहे.

शेतांची नावे अप्पांनी मोडीत लिहिली होती. टंकलेखकाने तेथे मोकळ्या जागा सोडल्या. मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, पण माझी मोडी मोडकीच. तूर्त त्या ओळींची छायाचित्रे यादीत ठेवली आहेत. भालकीच्या आत्यांना मोडी येते. त्यांची नजर आता क्षीण झाली आहे, म्हणून येत्या दिवाळीत अक्षर पडदाभर मोठे करून त्यांच्यासमोर धरायचे आहे. त्या वाचतील, मी देवनागरीत उतरवीन.