हाउसिंगच्या तेलाबद्दल, भावा



"आक्का, गिअर ऑईल सिंथेटिक टाकू का साधंच?" एवढं विचारलंस आणि फोन ठेवलास. मागं हमालांचा आरडाओरडा ऐकू येत होता, म्हणजे गाडी मार्केट यार्डात भरत होती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात मावत नाही. म्हणून लिहिते, आणि चारचौघांत लिहिते. रात्री भाजी भरून गगनबावड्याकडं निघणारा तू एकटा थोडाच आहेस?

आधी भांडून घेते. नवीन पिकअप आल्यावर काय काय केलंस? काचेवर अंबाबाईचं नाव, मागं रंगीत दिवे, हौद्याला नवा रंग, टेप. त्याचा मला राग नाही. ज्या गाडीवर घर चालतं ती सजवावीच. पण मागच्या हाउसिंगचा, म्हणजे क्राउन-पिनियन ज्यात फिरतात त्या पेटीचा, प्लग शेवटचा कधी उघडलास, सांग बरं? इंजिन ऑईल सर्व्हिसिंगला आपोआप बदललं जातं. क्राउन-पिनियनची आठवण मात्र तो ओरडायला लागल्यावरच येते. तोवर दातांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

मी रोज गिअरचेच दात बघते, तुला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात एका पिकअपचा क्राउन आमच्याकडं दाखवायला आला होता. भिंगाखाली धरला. दाताच्या मधोमध बारीक खड्डे पडलेले, कडेला उभे ओरखडे, आणि एका बाजूला पोलाद तापून निळसर झालेलं. लोखंडाला लोखंड लागलं होतं. मधला तेलाचा पडदा कधीच फाटला होता.

तुझ्या गाडीत पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खाली बसवलेला असतो. त्याला हायपॉइड म्हणतात. अशा रचनेत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. करूळ घाट चढताना हौद्यात नारळ, हापूसच्या पेट्या आणि वर तू घेतलेले चार जास्तीचे चिरे असतात. पासिंग किती आणि भरतोस किती, ते इथं लिहीत नाही. तो सगळा भार बोटाएवढ्या जागेवर येतो. तिथं नुसतं तेल टिकत नाही. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घालतात. दात तापले की ती पोलादावर पातळ थर धरतात आणि झीज स्वतःवर घेतात. डब्यावर जीएल-5 लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हा.

आता नीट ऐक. हेच जीएल-5 तू मागं एकदा गिअरबॉक्समध्येही ओतायचं म्हणत होतास, एकच डबा घेतला की काम झालं म्हणून. तसं करू नकोस. गिअरबॉक्समध्ये सिंक्रो रिंगा असतात, बऱ्याचदा पितळी. गिअर पडायला त्यांना थोडी पकड लागते. जीएल-5 मध्ये ही रसायनं जीएल-4 दर्जाच्या तेलाच्या जवळपास दुप्पट असतात. त्यानं रिंग घसरते, गिअर करकरतो, आणि काही तेलांतलं गंधक पितळही खातं. गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्सला जे लिहिलंय तेच घाल. पुस्तक डॅशबोर्डच्या खणात आहे, टोलच्या पावत्यांखाली.

तर सिंथेटिक. हाउसिंगला घाल, असंच मी म्हणेन. साधं तेल जमिनीतल्या कच्च्या तेलातून गाळलेलं असतं, त्यात लहानमोठे सगळे रेणू मिसळलेले. खरं सिंथेटिक, ज्याला पीएओ म्हणतात, ते इथिलीन वायूपासून कारखान्यात जोडून केलेलं, जवळपास सारख्या घडणीचं. ते तापलं तरी कमी पातळ होतं आणि लवकर करपत नाही. तुझी गाडी सपाटीला दूध टाकून घरी येणारी असती, तर साधं 80डब्ल्यू-90 वेळेवर बदल, पैसे वाचव, असं सांगितलं असतं. पण भरल्या गाडीनं रोज घाट चढायचा म्हटल्यावर हिशेब वेगळा.

दुकानदार 75डब्ल्यू-90 मधला 75 मोठ्या कौतुकानं सांगेल. तो आकडा उणे 40 अंशांच्या थंडीसाठी आहे. आपल्या कोल्हापुरात त्याचा काय उपयोग? तुझ्या कामाचा आकडा पुढचा 90, तेल तापल्यावर किती दाट राहतं ते सांगणारा. मिस्त्री क्राउनचा आवाज दाबायला 140 नंबरचं जाड तेल सुचवेल. पुस्तकात नसेल तर घेऊ नकोस. आवाज दबतो, झीज थांबत नाही, आणि जाड तेल घुसळण्यात डिझेल जातं ते वेगळंच. आणखी एक, सिंथेटिक लिहिलेलं प्रत्येक तेल पीएओ नसतं. कच्चं तेलच फार वरच्या दर्जाचं शुद्ध करून त्यालाही सिंथेटिक म्हणतात. यावरून 1999 साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात जाहिरातींचा वाद झाला, आणि निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं लागला. तेव्हापासून हा शब्द सैल झाला. तसलं तेलही चांगलं असतं, फक्त पीएओचा भाव त्याला देऊ नकोस. आणि पिंपातलं सुटं तेल, कितीही ओळखीचा माणूस असो, घ्यायचं नाही.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. 2019 च्या ऑगस्टमधला महापूर. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी 43 फूट, आणि पंचगंगा 55 च्या वर गेलेली. शिरोलीला महामार्ग बंद. तू जुनी गाडी घेऊन प्रयाग चिखलीच्या बाजूला माणसं काढायला गेलास, चाकं पाण्यात बुडेपर्यंत. आई दारात उभी होती. त्या दिवसाबद्दल तुला कधी काही बोलले नाही, आजही बोलायला जमत नाही.

पण त्या गाडीचं हाउसिंग नंतर उघडलं तेव्हा दुधाच्या चहासारखं तेल निघालं, आठवतं? हाउसिंगला हवा जायला वर ब्रीदर असतो. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग जीएल-5 असो वा महागातलं सिंथेटिक, पाण्यापुढं त्याचं काही चालत नाही. बेअरिंग गंजतं, दातांना खड्डे पडतात. "सिंथेटिक टाकलं की आता बघायलाच नको," असं तू मागं म्हणाला होतास ना, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

बाबा गेल्यावर तू कॉलेज सोडून स्टेअरिंग धरलंस, म्हणून माझा डिप्लोमा झाला. दात कसा झिजतो हे मी ज्या पैशात शिकले ते तुझ्या रात्रींचे होते. मग हे तुला नाही सांगायचं तर कुणाला?

पावसाळा तोंडावर आहे. रविवारी गाडी घेऊन उद्यमनगरात ये, मी असेन. आधी वरचा भरायचा प्लग सुटतो का बघू, मगच खालचा खोलायचा. नाहीतर तेल काढून बसशील आणि भरता येणार नाही. चुंबकाच्या प्लगला चुरा किती लागलाय ते मला दाखव. नवं तेल भोकाच्या कडेपर्यंत, त्याहून वर नाही. ब्रीदर साफ करून घेऊ, जॉइंटला ग्रीस मारू. आणि यंदा गाडी पाण्यात घालावी लागली, तर घरी आल्यावर आधी मला फोन कर. त्याच आठवड्यात तेल बदलू, ते कितीही नवं असलं तरी.

तुझी,
आक्का