वकट, लेंड, मूंड, नाल

हृदयविकाराच्या दुखण्यातून उठल्यावर, २०१४ साली, डॉक्टरांनी आमच्या आप्पांना रोजच्या चालण्याची मर्यादा घालून दिली. आप्पांनी तिचा हिशेब गोल्फच्या मैदानावर मांडून पाहिला, तेव्हा अठरांपैकी चार होल त्यांच्या वाट्याला आले. कोणते चार, एवढाच प्रश्न उरला. त्यासाठी त्यांनी आठवडाभर घेतला आणि त्या खलबतात मलाही ओढले. वास्तविक मी हा खेळ कधी खेळलेलो नाही. मी आपला अध्यापकी पेशाला साजेल असा सल्ला दिला, की तुम्हांला सर्वोत्तम वाटतात ते चार निवडा आणि तेवढे खेळा. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "एक इथला, एक तिथला, असे वेचायला ती काय तुमची पाठ्यपुस्तके आहेत? मला सलग पाहिजेत."

या उत्तरातला टोला मला लागायचा तो लागलाच. पण त्याविषयी पुढे.

गोल्फमध्ये 'होल' म्हणजे चेंडू जिथे अखेर पडतो तो सव्वाचार इंच रुंदीचा खळगा. आणि पहिला फटका मारण्याच्या जागेपासून त्या खळग्यापर्यंतची सगळी वाट, तिच्यावरील गवत, वाळू, झाडी, पाणी यांसह, हीदेखील 'होल'च. शेवटावरून सबंध वाटेला नाव मिळावे, ही गोष्ट मला आवडते. मराठीत मात्र या शब्दाला प्रतिष्ठित पर्याय नाही. 'छिद्र' म्हणावे तर दोष काढल्यासारखे वाटते, आणि 'भोक' म्हणण्याची सोय नाही. आप्पांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. त्यांचे बालपण बेळगावात गोट्या आणि विटीदांडू यांत गेले. तिथे जमिनीत कोरलेल्या खळगीला 'गल' म्हणत. ते होललाही गल म्हणू लागले. हातात परदेशी बनावटीची काठी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि तोंडी "आता तिसरी गल". त्यांच्या सोबत्यांपैकी कुणाला ते कळत नसे.

गलीबरोबर विटीदांडूची मोजणीही आली. वकट, लेंड, मूंड, नाल. हे आकडे मराठी मुलांनी पिढ्यान् पिढ्या घोकले; पुढचे आकडे गावोगाव बदलतात, पण हे पहिले चार बहुतेक ठिकाणी सारखे. ते मराठी नाहीत हे प्रत्येक मुलाला जाणवते, आणि ते कुठले याची चौकशी कोणी करीत नाही. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु शेजारी ठेवले की गोत्र उघड होते. भाषिक देवघेवीचे पुरावे आपण शिलालेखांत आणि ग्रंथांत शोधतो. धुळीत बसून खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी ते तसेच राहिलेले असतात. आप्पांनी आपल्या चार होलांना हीच नावे दिली. मैदानाच्या नकाशावर त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. ते मी येथे देत नाही.

सलग होलांवर प्रेम करणारे आप्पा एकटेच होते असे नाही. या खेळाच्या रसिकांत हा जुना छंद आहे. अमेरिकेतील ऑगस्टाच्या मैदानावर अकरावा, बारावा आणि तेरावा हे होल सखल कोपऱ्यात येतात, आणि रेज क्रीक नावाचा ओढा त्यांच्या सोबतीने वाहतो. हर्बर्ट वॉरेन विंड या लेखकाने १९५८ साली या भागाला 'आमेन कॉर्नर' हे नाव दिले, तेही एका जॅझ गीतावरून. त्याने नाव दिले ते अख्ख्या तीन होलांना नव्हते. अकराव्याचा उत्तरार्ध, बारावा पूर्ण, आणि तेराव्याचा पूर्वार्ध, एवढाच त्याचा कोपरा. बारावा होल अवघा १५५ यार्डांचा. पण दोन लांब होलांच्या मध्ये, वारा कुठून येईल याचा भरवसा नसलेल्या जागी तो बसला आहे, आणि म्हणूनच तो भल्याभल्यांना बुडवतो. हेच १५५ यार्ड एखाद्या मोकळ्या माळावर नेऊन ठेवले तर कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहणार नाही.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजची गोष्ट याहून जुनी. तेथील खेळाडूंनी १७६४ साली सुरुवातीचे चार आखूड होल जोडून त्यांचे दोन केले, आणि तीच वाट जाता-येता खेळत असल्यामुळे बाविसांचे अठरा झाले. जगभर आज जे अठरा होल खेळले जातात त्यांच्या मुळाशी ही किरकोळ दुरुस्ती आहे. तेथे जाण्याच्या आणि येण्याच्या वाटांवरील बहुतेक होल एकच हिरवळ वाटून घेतात, आणि अशा प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज अठरा येते : दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा. दूरच्या टोकाला सातव्यापासून अकराव्यापर्यंतची वाट स्वतःला ओलांडून वळसा घेते. आप्पांनी ते मैदान पाहिले नव्हते. पण या वळशाचा नकाशा ते जेवणाच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून दाखवीत, आणि आई काड्या गोळा करून पुन्हा पेटीत भरी.

आता तो टोला. आम्ही साहित्याची माणसे वेचे काढण्यात आयुष्य घालवतो. ज्ञानेश्वरीतील एक ओवी उचलावी, तिच्यातील उपमेची वाखाणणी करावी, आणि पुढच्या पानाकडे वळावे. पण ज्ञानेश्वरांच्या उपमा माळेने येतात. पहिली जिथे अपुरी पडते तिथे दुसरी तिचा हात धरते, आणि पाचवी येईपर्यंत मूळ विचार कुठल्या कुठे पोहोचलेला असतो. मधली एखादी साधी ओवी ही त्या माळेतील दम घेण्याची जागा असते. वेच्यात तिला स्थान नाही. आप्पांच्या चौघांतही 'लेंड' हा असाच होता. आखूड, सरळ, कोणतेही नखरे नसलेला. मी एकदा विचारले, की हा कशाला ठेवलात? ते म्हणाले, "वकटवर जे हातून होते ते विसरायला."

हे मैदान म्हणजे बेंगळूरच्या दोम्मलूरपलीकडचे, चल्लघट्टा येथील कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे. तेथे पूर्वी चल्लघट्टा केरे होती. कन्नड 'केरे' म्हणजे आपले तळे, पण नुसता पाण्याचा साठा नव्हे : बांध, पाणी सोडण्याचा तूबु, आणि जादा पाणी सांडून वाहण्याची कोडी, हे सगळे मिळून केरे होते. बेंगळूर शहराला बारमाही नदी नाही. ते उंचवट्यावर वसले आहे, आणि पावसाचे पाणी खोऱ्याखोऱ्यांतून उतरताना अडवावे, एक केरे भरली की तिच्या कोडीवरून पुढची भरावी, अशी साखळी पूर्वजांनी घातली होती. कोरमंगला आणि चल्लघट्टा यांच्या खोऱ्यातील पाणी असेच बेळ्ळंदूरला, तिथून वर्तूरला आणि पुढे दक्षिण पिनाकिनीला मिळे. सलगतेचे मोल या शहराला गोल्फच्या फार आधी ठाऊक होते.

आप्पा १९५८ साली, बाविसाव्या वर्षी, बेळगावहून हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आरेखक म्हणून आले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये उभारलेला हा कारखाना तोवर सरकारी झाला होता. सुट्टीच्या दिवशी ते सायकलीने चल्लघट्ट्याच्या बांधावर जात. ज्या पाण्याच्या काठी त्यांनी भाकरी खाल्ली, त्याच्याच तळावर त्यांनी पन्नाशी उलटल्यावर खेळायला सुरुवात केली. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही, आणि कधी सजवूनही सांगितली नाही.

माझा आणि त्यांचा वाद व्हायचा तो इथेच. मी म्हणे, की एका शहराचे पाणी बुजवून त्यावर काही शेकडा लोकांनी चेंडू टोलवावा, हे तुम्हांला खुपत कसे नाही? ते म्हणत, "तू मॅजेस्टिकला बसमध्ये चढतोस तेव्हा धर्मांबुधीत उभा असतोस. कंठीरव स्टेडियमवर टाळ्या वाजवतोस तेव्हा संपंगी केरेत बसलेला असतोस. निदान इथे माती उघडी आहे." हे उत्तर मला पुरेसे वाटले नाही, आजही वाटत नाही. कन्नडमधील 'केरेगे हार' या लोकगीतात नव्याने खणलेल्या तळ्याला पाणी लागावे म्हणून घरातील धाकटी सून भागीरथी हिचा बळी दिला जातो. ज्या प्रदेशाने तळ्याची किंमत अशा भाषेत मोजली, त्याने ती बुजवताना काय मोजले? मी हे विचारी, आणि तरीही दर बुधवारी दुपारी मैदान रिकामे असताना आप्पांच्या मागून ते चार होल चालून येई. त्या चालण्याइतके सुख मला त्या वर्षांत दुसऱ्या कशात मिळाले नाही, हेही कबूल केले पाहिजे.

या वादाचा निकाल लावला नाही, पण त्याला वेगळे वळण दिले ते आप्पांच्या कॅडीने. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणारा. पण चांगला कॅडी पिशवीपेक्षा जमीन अधिक वाहतो. हा गृहस्थ कोलार जिल्ह्यातला, पन्नाशीचा, घरी तेलुगू बोलणारा. आप्पांच्या मोजणीवर तो पहिल्या दिवशी हसला आणि "सार, हे आकडे आमचे" म्हणाला. दोघे कन्नडमध्ये बोलत, मोजत मात्र त्या तिसऱ्याच भाषेत. हिरवळीवर चेंडू खळग्याकडे ढकलायचा असतो तेव्हा उतार कुठे आहे हे डोळ्यांना फसवते. सपाट दिसते तिथे चेंडू वळतो, चढ दिसतो तिथे पुढे निसटतो. आप्पा वाकून, एक डोळा मिटून, आरेखकाच्या शिस्तीने अंदाज घेत. कॅडी उभ्यानेच सांगे : "दोन बोटे डावीकडे, सार." आणि बहुधा तो बरोबर असे.

एकदा 'मूंड'वर मी त्याला विचारले, की तुम्हांला हे दिसते कसे? तो म्हणाला, दिसत नाही. तूबु कुठे असेल ते मनात धरायचे. पाणी जिकडे जायचे तिकडेच चेंडू जातो. त्याचे बालपण केरेच्या काठी गेले होते. बांध कोणत्या अंगाला, कोडी कुठे, हे त्याला कोणत्याही सखल जमिनीवर उभे राहिले की आपोआप कळे. वरून माती टाकली, गवत लावले, उंचसखल केले, तरी मोठा उतार जुनाच राहतो, असे त्याचे म्हणणे. ऑगस्टाचे जाणकारही हिरवळीवरील चेंडू रेज क्रीककडे ओढला जातो असे मानतात, हे मी नंतर वाचले. पण तिथे ओढा डोळ्यांसमोर आहे. इथे हा माणूस नसलेल्या तळ्याच्या आधाराने चेंडूची वाट सांगत होता. आप्पा काठीवर रेलून ऐकत होते. मग ते मला म्हणाले, "घे. तुझी केरे गेली नाही म्हणतो हा." कॅडीने मान हलवली. "केरे गेली, सार. उतार राहिला."

मी त्याला त्याचा आवडता पट्टा कोणता हे विचारले. आम्ही सगळे खेळाच्या बाजूने विचार करीत होतो. त्याने लगेच सांगितले, की 'नाल'नंतरचे दोन होल. तिथे सावली आहे, पिशवी खाली ठेवता येते. ते दोन होल आप्पांच्या मर्यादेबाहेर होते. त्या दिवसापासून 'नाल' संपल्यावर आम्ही न खेळता त्या सावलीपर्यंत चालत जाऊ लागलो. डॉक्टरांना हे सांगितले नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये, ७ तारखेच्या सकाळी, आप्पांनी मला पहाटे उठवले. याच मैदानावर लहानपणी खेळू लागलेली अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकच्या शेवटच्या फेरीत पदकाच्या जवळ होती. देशभर ज्यांना बर्डी आणि बोगी यांतला फरक माहीत नव्हता तेही दूरदर्शन संचापुढे बसले होते, मीही त्यांतलाच. एका फटक्याने पदक हुकले. ती चौथी आली. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग "चार" एवढेच म्हणाले, मराठीत. त्यानंतरच्या थंडीत ते गेले.

बेळ्ळंदूरच्या पाण्यावरील फेसाला २०१५ मध्ये आग लागल्याची छायाचित्रे जगाने पाहिली. त्याच कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील सांडपाणी शुद्ध करून २०१८ पासून कोलारच्या कोरड्या केरींत पोहोचवले जाते, चढावरून, पंपांनी. ते पुरेसे शुद्ध असते का, यावर वाद झाले आहेत. खालच्या खोऱ्यातले पाणी वरच्या दुष्काळी मुलुखात जावे, हा त्या साखळीचा उलटा फिरलेला क्रम आहे.

आमचा कॅडी आता गावी असतो. गेल्या पावसाळ्यानंतर त्याचा फोन आला होता. त्याच्या गावची केरे पुष्कळ वर्षांनी कोडीवरून वाहिली होती. मी विचारले, पाणी पावसाचे की आमच्याकडचे? तो म्हणाला, दोन्ही मिसळले आहे, कसे सांगणार. मग त्याने सारांची काठ्यांची पिशवी कुणाला दिली का, असे विचारले. दिलेली नाही, मी म्हणालो. त्याने येऊन घेऊन जावी, असेही म्हणालो. तो म्हणाला, तिथे काय करू. पण एकदा येतो, बुधवारी, ते चार चालून जाऊ.